भोपळा कुणाचा?

ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीत घरोघरच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात. आता आम्हीही बसवतो. या देशात आलो त्या पहिल्या वर्षी असाच एक भोपळा मोठ्या उत्साहाने घरी आणून आम्ही त्याची भाजी केली होती. चवीच्या नावाने शून्य. पातेल्यात होते ते नुसते पाणी आणि दोरे. तेव्हापासून या भोपळ्याशी आमचे संबंध पायरीपुरतेच राहिले आहेत.

तर मंडळी, गेल्या ऑक्टोबरात एका मंगळवारी रात्री सव्वाअकरा वाजता फोन वाजला. इतक्या उशिरा फोन वाजला की आमच्या पिढीच्या पोटात अजूनही गोळा येतो. फोन कॉलेजातून धाकटीचा होता.

"म्हातारी भोपळ्यात बसते ना, ती नक्की कशी बसते? मांडी घालून?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. काळजीचे कारण नव्हते. पण उत्तरही नव्हते. ही गोष्ट आम्ही दोघांनी लहानपणी शंभरदा ऐकलेली, आणि तिला निदान पन्नासदा सांगितलेली. म्हातारी कशी बसते हे कधी विचारावेसे वाटले नव्हते.

धाकटी इलस्ट्रेशन शिकते. तिसरे वर्ष आहे. पहिली दोन वर्षे आम्ही पॉटलकला कुणी विचारले तर "डिझाइन करते, कंप्युटरवरचं" असे सांगून पुरणपोळीकडे वळत होतो. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. शेजारच्या ताटातला मुलगा मेडिकलला आणि समोरच्या ताटातली मुलगी बँकेत असताना "मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते" हे वाक्य आमच्या घशाखाली उतरत नव्हते. हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या सेमिस्टरला वर्गाला काम मिळाले होते: आपल्या घरात सांगितली जाणारी एखादी गोष्ट घ्या आणि तिच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ करा. वाचणारे मूल चार ते सात वर्षांचे. मुदत सहा आठवडे. धाकटीने भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट निवडली. आम्हाला फार आनंद झाला. 'बघा, एवढं सगळं पोचलंय की पोरीपर्यंत!' असे आम्ही एकमेकांना म्हणूनही घेतले.

दोन आठवड्यांनी ती शनिवार-रविवारसाठी घरी आली ती तोंड पाडूनच. पहिले चित्र वर्गात भिंतीवर लागले होते. गोल गरगरीत केशरी भोपळा, त्याला खिडकी, खिडकीतून हसणारी म्हातारी, मागे वाघ, आणि चहूबाजूंनी कोयऱ्या नि मोर. चित्र सुबक होते. आम्हाला तर आवडलेच. पण बाईंनी शांतपणे एवढेच विचारले म्हणे, "हा भोपळा मी रोज माझ्या शेजाऱ्यांच्या पायरीवर बघते. तुझ्या आजीच्या गोष्टीतला कुठं आहे?"

आता आली का पंचाईत! आम्ही लगेच मदतीला धावलो. मदत म्हणजे काय, तर यादी. अजिंठा बघ. वारली बघ. पैठणीवरचे मोर बघ. सावंतवाडीची गंजिफा बघ, गोल पत्ते असतात, दशावताराच्या जोडात १२० पाने. पिंगुळीची चित्रकथी बघ, २०२१ मध्ये तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आहे. आम्ही बोलत होतो आणि ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे सगळं भारी आहे. पण मी ते पुस्तकात पाहिलंय. आपल्या घरात नाही पाहिलं."

यावर आम्ही गप्प बसलो, कारण ते खरे होते. आमच्या घरातली वारली चित्रे म्हणजे एका एअरपोर्टवर घेतलेले चहाचे कोस्टर.

तिच्या बाईंनी वर्गाला सांगितले होते की जमल्यास मॅसॅच्युसेट्समधले ॲमहर्स्टचे एरिक कार्ल म्युझियम बघून या. रविवारी सकाळी डबा घेऊन निघालो. आमच्या न्यू जर्सीतून साडेतीन तासांची ड्राइव्ह. 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे पुस्तक आपल्यापैकी कुणाच्या घरात नसेल? सगळी फळे भोकं पाडत खाणारा तो हिरवा सुरवंट. त्याचे चित्रकार एरिक कार्ल यांनी आणि त्यांच्या पत्नीने चित्रपुस्तकांच्या कलेसाठी हे संग्रहालय २००२ मध्ये उघडले. कार्ल २०२१ मध्ये गेले.

तिथे गेल्यावर आमच्या 'प्रेरणा' या शब्दाबद्दलच्या कल्पनांना धक्काच बसला. आम्हाला वाटायचे, चित्रकाराला काहीतरी दिव्य दिसत असणार. १९६९ च्या या पुस्तकाचा उगम ऑफिसातल्या पंचिंग मशीनमध्ये आहे! कार्ल कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसले होते, ती बघून त्यांना पुस्तक पोखरणारा किडा सुचला. आधी तो विली नावाचा किडाच होता. संपादिकेने सुरवंट सुचवला आणि त्यामुळे शेवटी फुलपाखरू मिळाले. भोकांची पाने छापणे अमेरिकेत परवडेना, म्हणून पहिली छपाई जपानमध्ये झाली. आणि किडामुंगी कुठून आली? लहानपणी वडील त्यांना रानात हिंडवायचे, दगड उचलून खाली काय वळवळते ते दाखवायचे. सहा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर अमेरिका सोडून जर्मनीला जावे लागलेला हा मुलगा. परत आला तो १९५२ मध्ये.

त्यांची रीतही धाकटीने आम्हाला समजावून सांगितली. पातळ टिश्यू पेपर आधी स्वतः रंगवायचे, वाळवायचे, रंगांप्रमाणे कप्प्यांत लावून ठेवायचे, आणि चित्र करायचे तेव्हा त्यांतून कापून चिकटवायचे. आमच्यापैकी एकीच्या तोंडून निघून गेले, "म्हणजे आईचं चिंध्यांचं गाठोडंच की!"

दुपारी तिथल्या वाचनालयात बसलो. धाकटीने आणखी दोन पुस्तके पुढे ठेवली. एक एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे', १९६२ चे. मुखपृष्ठावर लाल कपड्यांतला काळा मुलगा, बर्फात उमटलेल्या स्वतःच्या पावलांकडे वळून बघणारा. कीट्स ब्रुकलिनमधल्या पोलिश ज्यू स्थलांतरितांचे चिरंजीव. १९४० मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात आलेले एका लहान मुलाचे फोटो त्यांनी कापून ठेवले होते. वीस वर्षांहून जास्त काळ ते कात्रण जवळ राहिले आणि मग त्यातून हा पीटर बाहेर आला. त्याच्या आईचा झगा कपाटाच्या फळीवर घालायच्या मेणकापडाचा केलेला आहे. बर्फाच्या चांदण्या खोडरबराचे ठसे कोरून उठवल्या आहेत आणि रात्रीची भिंत टूथब्रशने शाई शिंपडून केली आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० मध्ये सव्वाशे वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा सर्वांत जास्त वेळा घरी नेलेले पुस्तक हेच निघाले: ४,८५,५८३ वेळा!

दुसरे मॉरिस सेंडॅक यांचे १९६३ चे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'. त्यांना आधी रानटी घोड्यांची गोष्ट करायची होती, पण घोडे काही जमेनात. मग राक्षस काढले. ते कुणासारखे? दर रविवारी जेवायला येऊन गालगुच्चे घेणाऱ्या, दात दाखवत हसणाऱ्या मामा-मावशांसारखे. तेही पोलंडहून आलेले, मोडके इंग्रजी बोलणारे. हे ऐकून आम्ही जरा सावरून बसलो. आमच्या घरी दर रविवारी येणारी मंडळी कशी दिसत असतील?

"मुखपृष्ठ बघा," धाकटी म्हणाली. माणसाच्या पायांचा एक राक्षस झाडाखाली पेंगतोय, शेजारी रिकामी होडी. गोष्टीचा नायक मॅक्स कुठेच नाही. "होडी कुणाची, हे बघायला पोरगं पान उलटतं. मी म्हातारीला खिडकीत बसवून सगळी गोष्ट बाहेरच सांगून टाकली."

परतीच्या वाटेवर, गाडीतूनच, तिने साताऱ्याला फोन लावला. आजी, म्हणजे आमच्यापैकी एकीची आई आणि दुसऱ्याची सासू. वय चौऱ्याऐंशी. तिकडे पहाटेचे पाच वाजून गेलेले. आजी उठलेल्याच होत्या. धाकटीने फोनवर चित्र दाखवले. आजींनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"हा कसला गं भोपळा? हा तर चेंडू झाला."

मग त्यांनी सांगितले. आपला लाल भोपळा बसका असतो, पाटासारखा. वरून हिरवट-करडा, अंगावर राख उडाल्यासारखी पांढरी भुकटी. फाका अशा खोल की त्यात बोट बसावे. लाल असतो तो आतून. एवढा मोठा भोपळा लेकीने कोरला म्हणजे आतल्या गराचे तिने घारगे केले असणार, ते पुरचुंडीत बांधून आईबरोबर दिले असणार. आणि म्हातारी मांडीबिंडी काही घालत नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसते, बाळ पोटात असते तशी.

"ती घाबरलेली असते का गं आजी?"

"कशाला घाबरेल? लेकीच्या दारातनं निघताना रडून झालेलं असतं. मग वाघाचं काय एवढं?"

गाडीत कुणी बोलले नाही. आजी शेवटच्या आल्या त्या २०१९ मध्ये. सहा महिने राहिल्या. आल्या तेव्हा हडकलेल्या होत्या, जाताना अंगाने भरल्या होत्या आणि त्याचे त्यांना फार हसू यायचे. आता गुडघ्यांमुळे त्यांना इतका प्रवास झेपत नाही. म्हातारीच्या गोष्टीत म्हातारी लेकीकडे जाते, हे आम्हाला माहीत होते. ती आमची गोष्ट आहे हे त्या दिवशी, हायवेवर, लक्षात आले.

घरी पोचल्यावर धाकटी थेट बेसमेंटमध्ये गेली. तिथे आमची निळी जुनी सुटकेस आहे. तिच्यात आजींनी धाकटीच्या जन्माच्या वेळी शिवून आणलेली गोधडी. त्यांच्याकडे वाकळ म्हणतात. तिच्यात आजींचे हिरवे इरकल लुगडे आहे, त्याच्या पदराचा लाल-पांढरा तुकडा आहे, खणाच्या चोळ्या आहेत, आणि आजोबांच्या शर्टाच्या निळ्या रेघा. सगळ्यावरून जवळजवळ घातलेला धावदोरा.

गोधडीखाली आमचे 'चांदोबा'. आमच्या लहानपणचे, बाइंड केलेले. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले हे मासिक १९५२ पासून मराठीत यायचे. २०१३ मध्ये ते बंद पडले. 'वपा' म्हणून सही करणाऱ्या वड्डादि पापय्यांची ती मुखपृष्ठे आणि शंकर यांनी काढलेले विक्रम-वेताळ. आम्ही हे अंक धाकटीसाठी मुद्दाम आणले होते. ती सात वर्षांची झाली तेव्हा मराठी शाळा सुटली, वाचन राहिले आणि अंक सुटकेसमध्ये गेले. 'पोरीचं मराठी गेलं' असे आम्ही त्या दिवसापासून धरून चाललो होतो.

"मी हे सगळे वाचलेत," ती म्हणाली.

"तुला कुठं वाचता येतं?"

"म्हणजे बघितलेत. खूपदा." तिने विक्रमाचे चित्र काढले. हातात तलवार, खांद्यावर प्रेत. "मला वाटायचं हा मुलगा त्याच्या आजोबांना पाठीवर घेऊन डॉक्टरकडे चाललाय. रात्र झालीय, म्हणून तलवार."

हसावे की काय करावे कळेना. अक्षर न येणारे मूल खाली बेसमेंटमध्ये बसून वर्षानुवर्षे आमची मासिके वाचत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. आपल्या मुलांना देवनागरी येत नाही हे आपण सगळेच बोलतो. पण अशा मुलाच्या हातात मराठी पुस्तक पडते तेव्हा त्याला चित्रे आणि मुखपृष्ठ तेवढे वाचता येते. ते मुखपृष्ठ जर बंद दारासारखे असेल तर तो आत यायचा कुठून?

पुढचे तीन आठवडे तिने काय केले ते जेवढे कळले तेवढे सांगतो. आधी काड्यापेटीएवढ्या चौकटींत चाळीस कच्ची चित्रे. आता पुस्तके फोनवर बघून विकत घेतात, तेव्हा मुखपृष्ठ पोस्टाच्या तिकिटाएवढे झाले तरी कळायला हवे आणि दहा फुटांवरूनही. चाळीसमधून तीन निवडली, तिन्हींतून एक. गोधडीचे तुकडे स्कॅन करून त्यांच्या फाका कापल्या. कापायच्या त्या स्कॅनमधल्या. गोधडीला कात्री लावायला आम्ही आधीच बंदी घातली होती. फाकांच्या मधल्या रेघा म्हणजे आजींचा धावदोरा. कागदाच्या चारही कडांना पाव इंचाच्या निम्मे रंग जास्त सोडायचा, कारण छापखान्यात कापताना सुरी थोडी सरकली तर पांढरी कड दिसते. स्क्रीनवर झळकणारा इरकलीचा हिरवा छापून आला तो शेवाळलेला; चार शाईंच्या छपाईत तसा हिरवा बसत नाही. तो दोनदा दुरुस्त केला.

नाव देवनागरीत हवे, असा तिचाच हट्ट. इथे मात्र आमची थोडी मदत झाली. आमच्याकडे मराठी नाटकांच्या जाहिरातींची जुनी कात्रणे आहेत. कमल शेडगे (ते २०२० मध्ये गेले) नाटकाचे नाव असे काढायचे की अक्षर बघून नाटक विनोदी की गंभीर ते कळावे. धाकटी ती कात्रणे बराच वेळ बघत होती. तिला एक गोष्ट दिसली जी आम्हाला पन्नास वर्षे दिसली नव्हती: इंग्रजी अक्षरे रेघेवर उभी असतात, आपली रेघेला लोंबतात. मग तिने शिरोरेघेची केली दोरी, आणि त्या दोरीवर नावाची अक्षरे वाळत घातलेल्या कपड्यांसारखी टांगली. वेलांट्यांना वर आणि उकारांना खाली जागा सोडावी लागते, हे ती एक अक्षर छाटले गेल्यावर शिकली.

शेवटचे चित्र असे आहे. उतारावर बसका, हिरवट, गोधडीचा भोपळा. वरचे झाकण नीट बसलेले नाही. फटीतून इरकलीच्या पदराचे लाल-पांढरे टोक बाहेर आलेले. उजव्या कडेला वाघाचे दोन पंजे आणि मिशा, बाकीचा वाघ मलपृष्ठावर. म्हातारी कुठेही नाही.

वर्गात ते लागले तेव्हा बाई पाच मिनिटे काही बोलल्या नाहीत, असे धाकटी सांगते. (आम्ही दोन मिनिटे धरतो.) मग वर्गातली एक इराणी मुलगी म्हणाली, ही तर आमची गोष्ट! त्यांच्याकडेही आजी लेकीकडे जाते आणि गडगडत्या भोपळ्यातून परत येते. आम्ही नंतर बघितले तर बंगालीतही ती आहे. पदराचे टोक बघून त्या मुलीला आतली आजी दिसली होती. मराठीचे एक अक्षर न वाचता.

बक्षीसबिक्षीस काही मिळाले नाही. पुढच्या उन्हाळ्यात काम मिळेल का, हा प्रश्न जिथे होता तिथेच आहे, आणि आमच्या हिशोबाच्या वहीतही फार फरक पडलेला नाही. पण परवाच्या पॉटलकला कुणीतरी विचारले तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच सांगितले, "मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते." पुरणपोळी थांबू शकते.

छापलेली एक प्रत साताऱ्याला पाठवली. आजींनी ती शेजारपाजारी फिरवून आणली आणि फोन केला. भोपळा आता बरा झालाय म्हणाल्या. देठ मात्र वाळका दाखवायला हवा होता. हिरव्या देठाचा भोपळा कोवळा असतो, तो कोरला तर सडतो. धाकटीने ते लिहून घेतले. मग आजींनी विचारले, "आणि म्हातारी कुठाय?"

"आत आहे."

"मग ठीक."

वाचकहो, आता एक विनंती. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला येताना तुमच्या बेसमेंटमधले एखादे जुने मराठी मुलांचे पुस्तक घेऊन या. 'चांदोबा' असो, 'किशोर' असो, पाने सुटलेली असली तरी चालतील. आपण ती एका टेबलावर मांडून ठेवू. मुलांना वाचून दाखवायची घाई करायची नाही, शिकवायचे तर मुळीच नाही. नुसते मुखपृष्ठ दाखवून विचारायचे, "यात काय गोष्ट असेल?" आणि ती सांगतील ती ऐकायची. वेताळ आजोबा निघाला तरी दुरुस्त करायचे नाही.

निदान पहिल्या वेळी नाही.